सात की साठ?

मराठी शिकविणाऱ्या माणसाला हिशेब कळत नाही, असा जगाचा समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. बहुधा म्हणूनच आमच्या पतसंस्थेने मला संचालक मंडळावर घेतले असावे. ताळेबंद समोर आला की मी त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासतो आणि सही करतो. खजिनदारांना असला संचालक फार आवडतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे खजिनदार ठाऊक आहेतच. सभेत चहाबरोबर बिस्किटे द्यावीत की नाहीत, यावर पाऊण तास बोलणारे ते हेच.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने इंटरनेटवरून चालणारे टेलिफोन घ्यायचे ठरविले. जुन्या दोन तारांवर सभासदांची गर्दी होई. एक फोन गुंतलेला, दुसरा खरखरणारा. नव्या व्यवस्थेत चार टेबलांवर चार यंत्रे, एकच परवानाधारक कंपनीची जोडणी, आणि प्रत्येक बोलणे आपोआप ध्वनिमुद्रित. हे सगळे सांगायला पुरवठादाराचा एक तरतरीत मुलगा बॅग घेऊन सभेत आला होता. सर्व सांगून झाल्यावर त्याने विचारले, “कोडेक कोणता ठेवायचा?”

आम्ही सातही संचालकांनी एकमेकांकडे पाहिले. कोडेक म्हणजे बोलण्याचे आकडे करणारी आणि पलीकडे त्या आकड्यांचे पुन्हा बोलणे करणारी रीत. ‘कोडर’ आणि ‘डीकोडर’ या दोन शब्दांची मोडतोड करून हा शब्द झाला आहे. मी तत्परतेने ‘संकेतक-विसंकेतक’ असा प्रतिशब्द सुचविला. अध्यक्ष नाना म्हणाले, “प्राध्यापक, तो शब्द उच्चारेपर्यंत फोन कट व्हायचा!” कोडेकच राहिला.

मुलाने कागदावर दोन नावे लिहिली. जी.७११ आणि जी.७२९. पहिल्यापुढे ६४, दुसऱ्यापुढे ८. सेकंदाला इतके हजार बिट लागतात, असे तो म्हणाला. खजिनदारांनी चष्मा वर केला. “आठात काम भागत असताना चौसष्ट कशाला?” या प्रश्नाला सभेत उत्तर नव्हते. मुलगा काही तरी पुटपुटला, “आवाजात थोडा फरक...” पण ठराव तोपर्यंत मंजूर झाला होता. ध्वनिमुद्रणही सर्वांत लहान आकारात ठेवावे, अशी उपसूचना आली. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता. तो हात मला पुढे बरेच दिवस दिसत राहिला.

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या एका जुन्या सभासदांची ठेव पिकली. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. सारा पेठेचा भाग त्यांना गुरुजीच म्हणतो. गुडघ्यांमुळे त्यांना आमचा जिना चढवत नाही, म्हणून त्यांनी पावतीमागे सही करून ती शेजाऱ्याकडून पाठविली आणि रकमेचे फोनवर सांगितले. पंच्याऐंशी हजारांपैकी अमुक इतके बचत खात्यात टाका, बाकीचे पुन्हा ठेवीत. आमच्या फोनवर बसणाऱ्या मुलीने ऐकले, “सात हजार.” तिने सात हजार खात्यात टाकले आणि अठ्ठ्याहत्तरांची नवी पावती केली. सोमवारी गुरुजींची नात पैसे काढायचा कागद घेऊन आली. कॉलेजच्या प्रवेशाची फी भरायचा तो शेवटचा दिवस होता. तिला हवे होते साठ हजार.

पावती मोडायला पुन्हा गुरुजींची सही लागणार, व्यवस्थापक जिल्ह्याच्या गावी गेलेले. मंगळवारी दुपारी पैसे हातात आले. प्रवेश गेला नाही, पण विलंब शुल्क बसले आणि एक रात्र त्या घरात कोणी जेवले नसावे. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या चिरंजिवांचा लेखी अर्ज आला. मजकूर साधा होता. चूक कोणाची ते ठरवा आणि तिच्यावर कारवाई करा. ‘तिच्यावर’ असेच लिहिले होते.

ती मुलगी लागून आठ महिने झालेले. बारा पुरे झाले की कायम व्हायची. घरी वडील नाहीत, धाकटा भाऊ दहावीला. हे मी हिशेबात धरायला नको होते, कारण चौकशीत असल्या गोष्टी धरत नाहीत, पण धरल्या.

“ध्वनिमुद्रण आहे ना? मग वाद कसला? ऐका आणि निकाल द्या,” असे नाना म्हणाले. संध्याकाळी आम्ही पाच जण संगणकाभोवती उभे राहिलो. संगणकातून प्रथम एक बुडबुड्यांसारखा आवाज आला. ती आमची प्रतीक्षेची सनई होती, असे मागाहून कळले. मग गुरुजींचा आवाज. ओळखीचा, पण विहिरीतून आल्यासारखा. “बचत खात्यात सा... हजार टाका, बाई.” मुलगी म्हणाली, “बरं, गुरुजी.” संपले. ‘सा’च्या पुढे काही तरी होते खास. पण काय होते? तिघांना साठ ऐकू आले, दोघांना सात. पुन्हा लावले. आता एक साठवाला सातकडे आला. तिसऱ्यांदा लावल्यावर खजिनदारांना ‘सात-आठ हजार’ असे ऐकू आले. अखेर सगळे माझ्याकडे वळले. “प्राध्यापक, हा तुमचा विषय. तुम्ही सांगा.”

वाचकहो, वीस वर्षे मी वर्णोच्चार शिकवतो आहे. त दंत्य, ठ मूर्धन्य आणि महाप्राण; जीभ दाताला लागली तर त, उलटून टाळूच्या घुमटाला लागली आणि वर श्वासाचा फूत्कार आला तर ठ. आपल्या पूर्वजांनी स्थान आणि प्रयत्न अशी ही वाटणी यंत्राशिवाय, नुसत्या तोंडाकडे लक्ष देऊन केली, असे मी दर वर्षी अभिमानाने सांगतो. आणि माझ्याच बोलीतला एक शब्द मला कानांनी ओळखता येईना. मी म्हणालो, “मला चार दिवस द्या.”

सुदैवाने माझा भाचा रजेवर आला होता. तो बंगळूरला याच धंद्यात आहे. जेवण झाल्यावर मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने कपाळाला हात लावला नाही, हा त्याचा विनय. तो म्हणाला, “मामा, तुम्ही आवाज साठवला नाहीत. तुम्ही आवाजाचं वर्णन साठवलंत.”

मग त्याने मला शाळेतल्या मुलासारखे समोर बसवून जे सांगितले, ते मला जसे कळले तसे सांगतो. जी.७११ ही रीत १९७२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रमाण म्हणून ठरविली; तिच्या मुळाशी असलेली कल्पना अ‍ॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याची, १९३८ च्या पेटंटातली. आवाजाची लाट सेकंदातून ८००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणीला आठ बिटांचा एक आकडा द्यायचा. आठ हजार गुणिले आठ, झाले चौसष्ट हजार. इथवर माझाही हिशेब चालला. यातली गंमत अशी की मोजपट्टी सगळीकडे सारखी नसते. हळू आवाजासाठी खुणा दाट, मोठ्या आवाजासाठी विरळ. सोनाराचा काटा गुंजांत मोजतो आणि वखारीतला तराजू मणांत, तसे एकाच यंत्रात दोन्ही. या विरळ-दाट खुणांच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेत आणि जपानात म्यू-लॉ, युरोपात आणि आपल्याकडे ए-लॉ. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी लागली, तर आवाज फाटतो.

जी.७२९ ची जात वेगळी. ती लाट मोजून पाठवत नाही. माणसाचा गळा काय करीत असेल, याचा अंदाज बांधते. स्वरतंतू कंप पावताहेत की नुसता वारा वाहतो आहे, घशाची नि तोंडाची पोकळी या क्षणी कोणत्या आकाराची आहे, एवढे ठरवून त्याचे आकडे पाठविते आणि उरलेल्या बारकाव्यासाठी एका ठरलेल्या कोशातल्या सर्वांत जवळच्या नमुन्याचा क्रमांक. मला एकदम तार आठवली. शुभेच्छांच्या तारांना क्रमांक असत. आपण पोस्टात नुसता क्रमांक लिहून द्यायचा. पलीकडचा तारबाबू कोश पाहून दिवाळीच्या किंवा लग्नाच्या शुभेच्छांचे पुरे वाक्य लिहून काढायचा. तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले. पण ती युक्ती आपल्या टेलिफोनात शिरून बसली आहे, हे मला त्या रात्री कळले. तारेत वाक्य सुबक यायचे. मात्र आपल्या मनात होते तेच वाक्य यायचे असे नाही. कोशात होते ते यायचे.

या कोशवाल्या पद्धतीमागे एक आपला माणूस आहे. कानपूरला १९३३ मध्ये जन्मलेले, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले बिष्णू अटल. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मानफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी १९८५ मध्ये ही रीत मांडली. जी.७२९ ही १९९६ साली तिच्याच कुळात जन्मली. मोबाइल टेलिफोन जगभर पसरले, ते याच घराण्याच्या जोरावर. तेव्हा मी खजिनदारांना मनातल्या मनात जितकी दूषणे दिली होती, त्यातली निम्मी परत घेतली. बिटांची टंचाई असते तेव्हा आठात चौसष्टांचे काम करणे ही मोठीच करामत आहे.

“पण तुम्हाला टंचाई होती कुठे?” भाचा म्हणाला. आणि त्याने पाकिटाची गोष्ट सांगितली. इंटरनेटवर आवाज सलग जात नाही. सेकंदाला पन्नास पाकिटे जातात. जी.७११ च्या पाकिटात मजकूर १६० बाइटांचा. जी.७२९ च्या पाकिटात अवघ्या वीस बाइटांचा. पण पाकिटावरचा पत्ता, क्रमांक, शिक्के यांचे वजन दोहोंत सारखेच, चाळीस बाइट. म्हणजे चौसष्टाचे होतात ऐंशी आणि आठाचे चोवीस. आठपटीची काटकसर तिपटीवर आली. चारही फोन एकाच वेळी चालू राहिले तरी जी.७११ ला सव्वातीनशे हजार बिटांच्या आसपास लागणार. आमच्या कचेरीची जोडणी त्याच्या कितीतरी पट रुंद. पत्रावर पैसे वाचविण्यासाठी आम्ही शाई पातळ केली होती आणि पाकिटे भारी कागदाचीच राहिली होती.

एवढ्याने सात-साठ झाले असे मात्र नाही. भाच्याने दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन यंत्राची मांडणी तपासली, तेव्हा खरी मौज कळली. गुरुजी मोबाइलवरून बोलले. तिथे त्यांचा आवाज एकदा मोबाइलच्या कोडेकातून गेला. कंपनीने तो आम्हाला देताना जी.७११ केला. आमच्या यंत्राने त्याचा जी.७२९ केला. मुद्रण करताना दोन्ही बाजूंचे बोलणे एकत्र मिसळून त्याचा अगदी हलका एमपी-थ्री केला. प्रत्येक वेळी आधीचे उलगडून नवे गुंडाळायचे, आणि प्रत्येक वेळी थोडे सांडायचे.

मराठीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्ञानेश्वरीच्या नकलांवर नकला झाल्या, प्रत्येक नकलाकाराने एखादा शब्द आपल्या समजुतीने ‘सुधारला’, आणि मग शके १५०६ मध्ये एकनाथांना पाठशुद्धी करायला बसावे लागले. फरक एवढाच की नाथांपुढे ताडून पाहायला निरनिराळ्या प्रती होत्या. आमच्यापुढे एकच प्रत, तीही चौथ्या हातची.

शिवाय आणखी एक चोर होता. जी.७२९ च्या एका पुरवणीत शांतता ओळखायची सोय आहे. कोणी बोलत नसेल तर पाकिटे पाठवायचीच नाहीत. काटकसरीच्या ठरावाप्रमाणे तीही चालू होती. गप्प बसण्याचे पैसे वाचतात हे खरे. पण हळू बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाचे शेपूट कधी कधी यंत्राला शांतताच वाटते. ठ ची सगळी इस्टेट म्हणजे शेवटचा एक फूत्कार. तो यंत्राने मौनाच्या खात्यात जमा केला असण्याचा संभव आहे.

रविवारी आम्ही घरी एक प्रयोग केला. सौ., आई आणि मी अशा तिघांनी शब्दांची यादी वाचली: सात, साठ, आत, आठ, पात, पाट, गर, घर, ताक, टाक, चार, चारा. शेवटची जोडी माझा हट्ट. चारमधला च तालव्य, गुरांच्या चाऱ्यातला दंत्य. लिहिताना एकच अक्षर, आणि परप्रांतीयाला जन्मभर न जमणारा भेद. भाच्याने ते शब्द निरनिराळ्या कोडेकांतून काढले, पत्त्यांसारखे पिसले आणि आम्ही ऐकून लिहायचे. जी.७११ वर एखाददुसरी चूक. नुसत्या जी.७२९ वर, खरे सांगायचे तर, मला वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी चुकले. एकदाच गाळलेला आवाज चांगलाच तगतो. पण आमच्या कचेरीतली चार पदरी साखळी लावली, तेव्हा सौ.च्या कागदावर पानभर खाडाखोड झाली. आईने तर कागद बाजूला ठेवून दिला. “हे बोलतंय कोण, बाटलीतला माणूस?”

मग भाच्याने गंमत म्हणून जी.७२२ लावला. १९८८ चा, तोही चौसष्टाचाच, पण लाट सेकंदाला सोळा हजार वेळा मोजणारा. साध्या टेलिफोनात ध्वनीची वरची पट्टी साडेतीन हजार कंपनांच्या आसपास संपते. स, श, त यांचा पुष्कळसा जीव त्याच्याही वर असतो. जी.७२२ सात हजारांपर्यंत जातो. त्यातून आईचा ‘साठ’ ऐकला आणि मी दचकलो. ती खोलीतच बोलली असे वाटले. २०१२ मध्ये आलेला ऑपस याहूनही लवचीक. सहा हजार बिटांपासून पाचशे दहा हजारांपर्यंत हवा तसा ताणावा, आणि वापरायला मोफत. जी.७२९ लाही पूर्वी प्रत्येक जोडणीमागे परवान्याचे पैसे पडत. ते २०१७ पासून सुटले. मात्र गुरुजींच्या मोबाइलवरून बाहेरच्या जाळ्यातून येणारा आवाज आमच्या दारात येतो तो बहुधा जी.७११ मध्येच, तिथे ऑपस लावून काही मिळत नाही. बाहेरून जो येईल तो तसाच घ्यावा, मध्ये कोणाला हात लावू देऊ नये. आपापसातल्या फोनांना, आणि घरी बसून काम करणाऱ्याला, ऑपस द्यावा. एवढेच त्याचे सांगणे.

आणि साठवण? इथे मला खजिनदारांचाच कागद घेऊन त्यांच्यासमोर बसावे लागले. जी.७११ चा एक तास म्हणजे २८.८ मेगाबाइट. चार फोन, रोज सरासरी तीन तास, वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले तर ३६०० तास. म्हणजे वर्षाला १०४ गिगाबाइट. आमचे हलके मुद्रण तासाला सात मेगाबाइटांच्या आसपास, वर्षाला २६. म्हणजे आम्ही वर्षभरात वाचविले काय, तर ७८ गिगाबाइट. एका टेराबाइटाची तबकडी हजार गिगाबाइटांची असते. सभासदाचा आणि आमचा असे दोन आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवले, म्हणजे दोघे एकदम बोलले तरी गुंता होणार नाही, आणि त्यामुळे जागा दुप्पट लागली, तरी जवळजवळ पाच वर्षे एका तबकडीत मावतील. तिची किंमत गेल्या दिवाळीत संचालकांना वाटलेल्या मिठाईच्या डब्यांच्या बिलाएवढी. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम काढून नेला होता. खजिनदार बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “डब्यांचा ठराव तुम्हीच मांडला होता.” ते खरे होते.

पण हे सारे पुढच्या सुनावणीनंतरचे. सुनावणीच्या दिवशी माझ्या खिशात एवढेच होते: हे मुद्रण पुरावा म्हणून चालणार नाही, कारण ज्या आवाजावर निर्णय द्यायचा तो आवाज आपणच ठराव करून पुसला आहे. मी तसे लिहून नेले आणि वाचून दाखविले. चिरंजीव संतापले. त्यांचे म्हणणेही अगदीच वावगे नव्हते. “म्हणजे तुमची चूक म्हणून तुमच्या माणसाला माफी? उद्या लाखाचा प्रश्न आला तर?” ती मुलगी भिंतीशी उभी होती. तिला बसायला सांगितले तरी बसली नाही. तिने एवढेच म्हटले, “मला सात ऐकू आलं, सर. पुन्हा विचारायला हवं होतं. मागे तीन फोन वाजत होते.”

गुरुजींना नातीने आणि शेजाऱ्याने खुर्चीत बसवून जिना चढवून आणले होते. ते आतापर्यंत गप्प होते. मुलाला हाताने थांबवून ते म्हणाले, “अरे, त्या आठवड्यात माझी कवळी दुरुस्तीला गेली होती. तुझ्या आईलासुद्धा माझं निम्मं बोलणं कळत नव्हतं. या पोरीनं काय करावं?”

खोलीत कोणी हसले नाही. नाना खोकले. मी हातातला कागद उलटा करून ठेवला. त्यावर स्थान, प्रयत्न, चार पदरी साखळी, सगळे क्रमवार लिहिलेले होते आणि कवळीचा उल्लेख कुठेही नव्हता. दाताशिवाय दंत्य वर्ण काढणाऱ्याचे त काय आणि ठ काय! आता दोष यंत्राचा किती आणि दाताचा किती, हे सांगायला कोणताच कोडेक उरला नव्हता. विलंब शुल्काची रक्कम त्या ठरावाला हात वर करणाऱ्या सात जणांनी वाटून भरली. खजिनदारांनी आपला वाटा सुट्या नाण्यांत दिला.

नव्या व्यवस्थेची सूत्रे मग भाच्याने लिहून दिली आणि मी त्यांचे शुद्धलेखन पाहिले. बाहेरची जोडणी ए-लॉ जी.७११. शांतता ओळखणारी सोय बंद. मुद्रण जसे आले तसे, न मिसळता, न गाळता. सनई पूर्वी बुडबुडे काढीत होती, कारण माणसाच्या गळ्याचा कोश घेऊन बसलेल्या यंत्राला सनईचा गळा कळत नाही. ती आता सनई झाली. ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हटल्यावर लोक बटणे दाबतात, त्यांचे सूरही जी.७२९ मध्ये अडखळत. ते सूर म्हणून न पाठविता आकडे म्हणूनच पाठवायची सोय यंत्रात आधीपासून होती, फक्त कोणी चालू केली नव्हती.

मुद्रण किती दिवस ठेवावे, यावर मात्र दोन सभा गेल्या. नाना म्हणाले, कायमचे ठेवू, जागा आहेच. मला ते पटले नाही, आणि कायद्यालाही पटत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याचा रोख असा की ज्या कामासाठी माहिती घेतली, ते काम संपल्यावर ती पुसावी. लोक आमच्या फोनवर मुलीच्या लग्नाचे, नवऱ्याच्या दारूचे, भावाभावांतल्या वाटणीचे बोलतात. कर्ज मागताना माणूस फार बोलतो. ते पाच वर्षांनी कोणाच्या तरी हाती का लागावे? आमच्या बहुतेक ठेवी वर्षाच्या. म्हणून तेरा महिने ठेवायचे, मग पुसायचे. वाद चालू असेल तेवढेच राखून ठेवायचे. रोज रात्री एक प्रत दुसऱ्या तबकडीवर, कुलूपबंद. ऐकायची किल्ली फक्त दोघांकडे, व्यवस्थापक आणि अध्यक्ष, आणि कोणी कधी काय ऐकले याची नोंद.

वकिलांनी आणखी एक गोष्ट घालायला लावली. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असले मुद्रण कोर्टात न्यायचे तर बरोबर प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलीचे ‘हॅश’ द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. आतला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. जागा वाचवायला म्हणून मूळ फाइल दुसऱ्या कोडेकात घातली की तिचा जुना अंगठा गेला. तेव्हा मुद्रण संपताक्षणी ठसा घेऊन वेगळ्या वहीत लिहायचा, असे ठरले. वही म्हणजे अर्थात संगणकातलीच. पण खजिनदारांनी एक खरीखुरी वहीही आणून ठेवली आहे. त्या वेड्यावाकड्या अक्षर-आकड्यांची चौसष्ट चौसष्टची ओळ रोज शंभरदा हाताने लिहिता येणार नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

फोन लागताच ‘हे संभाषण नोंदीसाठी मुद्रित होत आहे’ असे सांगणारा आवाज कोणाचा असावा, यावर मतभेद झाला नाही. त्या मुलीचा. ती ऑक्टोबरात कायम झाली. आकडा ऐकला की तो फोडून पुन्हा म्हणायचा, ही पद्धत तिनेच सुरू केली. “साठ, म्हणजे सहावर शून्य. बरोबर?” चारही टेबलांवर आता हेच चालते. भाच्याला मी हे कळविले, तर त्याने उत्तर पाठविले की या कोडेकाला परवाना लागत नाही.

गुरुजींचा परवा फोन आला होता म्हणे. ठेवीचे काही काम नव्हते. फराळाला या म्हणाले, आणि बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मुद्रण आहे, स्वच्छ आहे, दोन पट्ट्यांवर आहे. पण नियमाप्रमाणे किल्ली माझ्याकडे नाही, आणि ती मुलगी विचारले तर नुसती हसते.